लागलेलं पाणी बुजवत नाहीत

आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा कोणता शब्द उच्चारलात, असं मला कुणी विचारलं तर उत्तर 'देव' नाही, 'आई' नाही, 'संडास' आहे. लग्नाच्या पंगतीत विचारलं तरी हेच सांगेन. भरल्या तरुणपणाची वर्षं मी या शब्दामागे उन्हातान्हात पायपीट करण्यात घालवली. त्याचा शीण अजून गुडघ्यांत आहे आणि थोडा स्वभावातही उतरला आहे, असं घरचे म्हणतात.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. गावोगाव विकासगट नावाची नवी गोष्ट सुरू झाली होती आणि तिला माणसं हवी होती. मी जळगावची, मॅट्रिक झालेली, लग्न लांबत चाललेली मुलगी. प्रशिक्षण घेतलं, ग्रामसेविका झाले, आणि नेमणूक मिळाली धुळे भागात, नरडाण्याच्या स्टेशनावर उतरून पुढे बैलगाडीने जावं लागे अशा एका गावात. पहिल्या वर्षी मी बिनधुराच्या चुली शिकवल्या. बायकांनी माझ्यासमोर चुली घातल्या आणि माझी पाठ फिरताच त्यांच्या नळकांड्या काढून चुलींत कोंबड्या बसवल्या. दुसऱ्या वर्षी वरून हुकूम आला की चुली पुरेत, आता संडास. गावाने मला 'चुलावाली बाई'वरून 'संडासवाली बाई' अशी बढती दिली.

मी राहत होते ते घर आबांचं. आबा म्हणजे त्या पंचक्रोशीतले विहिरी खणणारे. शेतकरीच, थोडी कपाशी, थोडी ज्वारी. पण त्यांचा जीव पहारीत. कुठे पाणी लागेल ते सांगायला त्यांना लोक लांबलांबून गाडी पाठवून नेत. आमच्या गल्लीतली गोड विहीर त्यांनीच तरुणपणी खणलेली. गावातल्या बाकीच्या विहिरी मचूळ. डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही. ही एकच गोड. आबा रोज सकाळी तिच्या काठावर जाऊन, वाकून आत बघत, आणि मगच चहा घेत.

घरात आबा आणि त्यांची मुलगी, दोघंच. तिला सगळी गल्ली अक्का म्हणे, मीही अक्काच म्हणू लागले. लहानपणी ताप आला आणि एक पाय वाळून गेला. लग्न झालं नाही. काठीच्या आधाराने ती घरभर फिरे, स्वयंपाक करी, आणि बसल्या जागेवरून अख्ख्या गल्लीला हसवत ठेवी. तिला एकच काम जमत नसे, विहिरीचं पाणी शेंदायचं. त्यासाठी गल्लीची एक रीत होती. अक्काचा पितळी हंडा सकाळी विहिरीच्या काठावर ठेवलेला असे, आणि जी कोणी बाई आधी मोकळी होईल ती तो भरून आबांच्या ओट्यावर आणून ठेवी. हंडा कुणी भरला हे कधी कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही.

पण हंडा भरून मिळतो म्हणून सगळं मिळतं असं नाही. गावातल्या बायका पहाटे उजाडायच्या आत आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर, घोळक्याने, लोटा घेऊन गावाबाहेर जात. अक्काला त्यांच्या चालीने जमत नसे. ती मागे राही, आणि एकटी मागे राहिलेल्या बाईला कसले कसले धाक असतात ते मी इथे लिहीत बसत नाही. पावसाळ्यात चिखलात काठी रुतायची. एकदा मी तिला विचारलं, अक्का, तुम्ही रात्रीच्या जेवत का नाही? ती हसून म्हणाली, "पावसाळामा मन्हा उपासच ऱ्हास, बाई." मला वाटलं, व्रत असेल. ते व्रत नव्हतं हे समजायला मला दोन दिवस लागले.

मी आबांकडे गेले आणि म्हटलं, घरामागे संडास बांधू या. मला वाटलं होतं की नेहमीसारखी डोकेफोड करावी लागेल. घराजवळ घाण नको, देवघर जवळ आहे, लोक काय म्हणतील, या सगळ्या उत्तरांची उत्तरं माझ्याकडे तयार होती. आबांनी मला बोलूच दिलं नाही. म्हणाले, "खड्डाच ना? ते मना हातनं काम शे."

मी त्यांना सांगितलं, माणूसभर खोल पुरे. वर घडीव दगडाची फरशी बसवू, तट्ट्याचा आडोसा करू. एवढं सांगून मी बैठकीसाठी धुळ्याला गेले.

परत आले तेव्हा घरामागे गर्दी होती. आबांचे पुतणे कमरेपर्यंत चिखलाने माखलेले. आबांनी डोक्याला रुमाल बांधलेला. खड्ड्याच्या काठावर हळदकुंकू, अगरबत्ती, आणि माझ्या डोळ्यांदेखत आबांनी दगडावर नारळ फोडला. पाणी लागलं होतं! चार परस, म्हणजे चार माणसं एकावर एक उभी राहतील एवढं खोल जाऊन, त्यांनी संडासाच्या खड्ड्याला पाणी लावलं होतं. गल्लीत गूळखोबरं वाटलं गेलं. कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या घराण्यात आजवर जो खड्डा खणला त्याला पाणी लागेपर्यंत कुणी हात आवरला नव्हता. मग हाच अर्धवट कसा सोडायचा?

"आबा, मी माणूसभर म्हटलं होतं," मी म्हटलं.

"बाई, पानी लागस तवलोंग खंदाना. अर्धा खड्डा म्हंजे थडगं," आबा म्हणाले, आणि माझ्या हातावर गूळ ठेवला.

मी तो खाल्ला. न खाऊन काय करणार होते?

गटाचे साहेब जीपने आले. त्यांनी खड्ड्यात खडा टाकला, टुबुक आवाज ऐकला, आणि खूश झाले. खोल म्हणजे टिकाऊ, म्हणाले. मी चाचरत सांगितलं की शिबिरात आम्हाला एका वयस्क कार्यकर्त्या ताईंनी वेगळं शिकवलं होतं. त्या म्हणायच्या, वरची हात-दोन हात माती जिवंत असते, ती घाण खाते. खालची माती खात नाही, नुसती वाहून नेते. म्हणून संडास उथळ हवा, दोन कप्प्यांचा. एक वापरायचा, त्यात रोज पालापाचोळा, राख, माती टाकायची. तो भरला की झाकून विसरून जायचं आणि दुसरा वापरायचा. पहिल्यात किडामुंगी आपलं काम करते आणि त्याचं सोनखत होतं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पुढच्या वेळी बघू. आता झालंय ते चांगलं झालंय." उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना पुढची वेळ नेहमी असते.

आणि खरं सांगायचं तर, मीही गप्प बसले कारण अक्का. तिच्यासाठी तो खड्डा म्हणजे राज्य मिळाल्यासारखं होतं. ती आता केव्हाही उठून जाऊ शकत होती, भर दुपारीसुद्धा. ती रात्रीची जेवू लागली. तिच्या गालांवर मांस आलं. पावसाळ्यात तिने मला भरीत-भाकरी करून आग्रहाने वाढली आणि स्वतः माझ्यापेक्षा एक भाकरी जास्त खाल्ली. त्या खड्ड्याची आणखी एक नवलाई गावभर झाली: तो भरतच नव्हता. कितीही वापरा, पाणी तेवढंच. आबांना त्याचा फार अभिमान. मला मात्र भरत नसलेल्या खड्ड्याची मनात धास्ती बसली होती. जे भरत नाही ते कुठेतरी जात असतं.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी ते कुठे जात होतं ते दिसू लागलं. आमच्या गल्लीत हगवण सुरू झाली. तशी ती दरसाल गावात थोडीफार असायचीच, पण यंदा गोड विहिरीच्या गल्लीत जास्त, आणि मचूळ पाणी पिणारी गल्ली बरी. कोपऱ्यावरच्या घरातलं तान्हं गेलं. समोरच्या घरातल्या बाईची मुलगी, नुकती चालायला लागलेली, वाळून काडी झाली. ही समोरची म्हणजे गल्लीतली सगळ्यात मोठ्या आवाजाची आणि सगळ्यात चटपटीत हाताची बाई. अक्काचा हंडा बहुतेक वेळा तीच भरत असे, हे मला माझ्या खिडकीतून दिसत होतं. तिच्या मुलीला मी साखरमिठाचं पाणी पाजायला जात होते, आणि ते पाणी त्याच विहिरीचं होतं. उकळून घ्या, उकळून घ्या, असं मी घसा फोडून सांगत होते. पालथ्या घड्यावर पाणी. जळणाला एवढी काटकी आणायची कुठून?

शेवटी मी आबांना म्हटलं, तुमच्या खड्ड्याचं पाणी विहिरीला जातंय.

आबा रागावले नाहीत. खणणाऱ्या माणसाच्या समजुतीने त्यांनी मला समजावलं की खड्ड्याचा झरा उगवतीकडून आहे आणि विहिरीचा मावळतीकडून. दोघांची भेट नाही. मी म्हटलं, मग बघू या. दोन पोती खडेमीठ खड्ड्यात टाकू. झरे वेगळे असतील तर विहीर गोडच राहील. आबांनी स्वतःच्या हाताने ती पोती उलटी केली. त्यांना इतकी खात्री होती.

चार-पाच दिवस काही झालं नाही. मला बरंही वाटलं आणि वाईटही वाटलं. मग एके दिवशी दुपारी गल्लीतून भांडणाचा आवाज आला. एक सासू सुनेवर तोंड टाकत होती, "व माय, इतलं मीठ! हात शे का फावडं?" थोड्या वेळाने पलीकडच्या घरातून तेच. मग आणखी एका घरातून. गल्लीतल्या झाडून साऱ्या सुनांना त्या दिवशी मिठावरून बोलणी बसली. त्यातली एक धिटाईची सून ओट्यावर येऊन ओरडली, "मी ते आज मीठच नही टाकं!"

एकेकीने विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. आबाही आले. त्यांनी चूळ भरली, पाणी तोंडात घोळवलं, आणि गिळलं. थुंकले नाहीत. मग घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले.

मला वाटलं होतं, आता सगळे माझं ऐकतील. शितावरून भाताची परीक्षा झाली, आता खड्डा बंद होईल, विहीर सुटेल. करायला गेले एक आणि झालं भलतंच. समोरची बाई आपल्या मुलीला कडेवर घेऊन आबांच्या ओट्यासमोर उभी राहिली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "आम्हीन इतला दिन हिनी घान पिधी! मन्ही पोर हिनामुये वाळी गयी!"

हिची घाण. खड्डा कुणी खणला, किती खोल खणला, साहेब कशावर खूश झाले, हे सगळं बाजूला राहिलं. बोट गेलं ते अक्काकडे. खड्डा मीही वापरत होते, पण तो खणला होता तिच्यासाठी, आणि ती लंगडी होती, बिनलग्नाची होती. माझ्या मिठाने सिद्ध काय केलं, तर हे. मला त्या वेळी जो संताप आला तो अजून पुरता विझलेला नाही, आणि त्यातला निम्मा माझ्यावरच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काचा हंडा विहिरीच्या काठावर ठेवलेला होता. बायका आल्या. काहींनी तर शिवारातल्या लांबच्या विहिरीची वाट धरली होती, पण बाकीच्यांनी तिथूनच पाणी शेंदलं. सवय सुटते का? हंडा मात्र कुणी भरला नाही. दुपारपर्यंत तो तिथे रिकामा उन्हात तापत होता. अक्का दारातून बघत होती. शेवटी मी गेले, शेंदला, भरला, आणून ठेवला. त्या दिवसापासून तो रोज मीच भरला. मला सवय नव्हती. खांदे भरून येत. पण खांद्यापेक्षा जास्त जड काय वाटे तर वाटेतल्या बायकांनी मला पाहून बोलणं थांबवणं.

आता खड्डा बुजवायला हवा होता. मी आबांना सांगितलं, त्यांनी ऐकलं, आणि मान हलवली.

"लागेल पानी बुजाडतस नही, बाई. पाप लागस."

मी त्यांच्याशी वाद घातला, आवाज चढवला, मग रडलेही. ते दगडासारखे बसून राहिले. त्यांचं चुकत होतं असं मी आजही म्हणते. पण त्यांचं दुःख खोटं नव्हतं. ज्या पाण्यासमोर नारळ फोडला, ज्याचा गूळ वाटला, त्या जिवंत झऱ्यावर माती लोटायची? हयातभर त्यांनी पाण्याला जमिनीतून वर बोलावलं होतं. हाताने कधी परत पाठवलं नव्हतं.

हा तिढा अक्कानेच सोडवला, आणि तो ज्या रीतीने सोडवला ते मला बघवलं नाही. एका संध्याकाळी ती भाकरी थापता थापता म्हणाली, "आबा, मी आजपाईन तठे बसाव नही." बस, एवढंच. दुसऱ्या पहाटेपासून ती काठी घेऊन गावाबाहेर जाऊ लागली, आणि बायका तिच्यासोबत जाईनात, म्हणून एकटी. मी सोबत येते म्हटलं तर नको म्हणाली. रात्रीचं जेवण पुन्हा बंद झालं. आठवडाभराने ती बांधावरून घसरली आणि कोपर फोडून, चिखलाने माखून घरी आली. आबांनी तिला ओट्यावर बसवलं, तांब्याभर पाण्याने तिचे हात धुतले, पाय धुतले. मग घरामागे गेले आणि पहार, फावडं, घमेलं काढून ठेवलं.

बुजवण्याच्या दिवशी पूजा खणण्याच्या दिवसासारखीच झाली, फक्त गूळ नव्हता आणि गर्दी नव्हती. आबा खड्ड्याच्या काठावर मांडी घालून बसले, हळदकुंकू वाहिलं, आणि आत वाकून म्हणाले, "माय, आंडेरनासाठे खंदं, आंडेरनासाठेच बुजाडस. माफी कर." मुलीसाठी खणलं, मुलीसाठीच बुजवतो. मग आधी चुना, मग वाळू, मग मुरूम. पुतण्यांनी फावडी हातात घेतली तर आबांनी त्यांना बाजूला केलं. पहिलं घमेलं त्यांनी स्वतः ओतलं आणि ते पाण्यात पडल्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

त्यानंतर मोट लावून विहीर उपसली, लाल औषध टाकलं, पुन्हा उपसली. आणि घरामागे मी आणि अक्काने नवा संडास बांधायला घेतला. दोन कप्पे, विटांचे, शेजारी शेजारी, छातीपेक्षा खोल नाहीत. आबा बांधकामाला आले नाहीत. फक्त एकदा येऊन कप्प्यात उतरले, उंची छातीला लावून बघितली, आणि म्हणाले की याच्या खाली गेलीस तर माझी विहीर लागते, ध्यानात ठेव. हेच मी त्यांना दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. मी मान डोलावली. थकलेल्या माणसाला श्रेयाची भूक राहत नाही.

खरं काम पुढे होतं, आणि ते अक्काने केलं. दर वेळी मूठभर राख, मूठभर माती, घमेलंभर पाला. निंबाचा, बाभळीचा, शेंगांच्या टरफलांचा, जे मिळेल ते. पाणी कमीत कमी. एकही दिवस चुकवायचा नाही, नाहीतर वास सुटतो. तिने एकही दिवस चुकवला नाही. पहिला कप्पा भरला, तो मातीने लिंपून बंद केला, दुसरा सुरू झाला. पावसाळा आला आणि गेला. आमच्या गल्लीत त्या साली हगवण झाली नाही म्हणण्याइतकीच झाली. समोरच्या बाईची मुलगी अंगणात पळू लागली. पण न आलेल्या दुखण्याची आठवण कोण ठेवतो? बायका गोड विहिरीवर परत आल्या, रहाट पूर्वीसारखा करकरू लागला, आणि अक्काचा हंडा मीच भरत राहिले. घाण गेली होती. नाव गेलं नव्हतं.

उन्हाळ्यात पहिला कप्पा उघडायची वेळ आली. आबांनी विचारलं, यासाठी धुळ्याहून कुणाला बोलवायचं? कुणाला म्हणजे कोणत्या जातीच्या माणसाला ते त्यांनी उच्चारलं नाही, पण मला कळलं. मी जळगावची. आमच्या मागच्या बोळातून पहाटे डोक्यावर टोपली घेऊन जाणाऱ्या बायका मी लहानपणापासून बघितल्या होत्या. आई त्यांना लांबून पाणी घालायची आणि आम्हाला आत ओढायची. मी म्हटलं, कुणालाही बोलवायचं नाही. यात घाण असेल तर मी खोटी, आणि घाण नसेल तर कुणाला बोलवायचं कशाला? ताठ्याने बोलले खरी, पण झाकण उघडायला हात पुढे होईना.

अक्का कप्प्याच्या काठावर बसली, वाळलेला पाय हाताने उचलून बाजूला ठेवला, आणि खुरप्याने लिंपण फोडलं. आत काळी, भुसभुशीत, कोरडी अशी काहीतरी वस्तू होती. तिने खुरप्याने उकरलं, मग हाताने. दोन गांडुळं वळवळली. आबा ओट्यावरून बघत होते. ते उठले, आले, धोतर खोचलं, आणि कप्प्यात उतरले. विहिरीतला मुरूम हुंगून पाणी किती लांब आहे हे ते सांगत. तशी त्यांनी एक मूठ उचलून नाकाशी नेली. आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"माती शे," ते म्हणाले. आणखी खाली हात घालून पुन्हा म्हणाले, "बठ्ठी मातीच शे." सगळी मातीच.

मी बाजूला जाऊन रडले. आनंदाने नव्हे. नुसता शीण आला होता.

पाट्या भरून खताचा अंगणात ढीग लावला. जळगावची नगरपालिका असं सोनखत करते आणि यावलकडचे केळीवाले ते न्यायला गाड्या जुंपून येतात, असं मी गल्लीत ओरडून सांगितलं होतं. कुणी लक्ष दिलं नव्हतं. अक्काने परसात दोन वाफे केले, वांगी लावली आणि थोडी मिरची. रोपं अशी तरारली की जाणारा-येणारा कुडावरून डोकावल्याशिवाय जाईना. कुणी काही विचारत मात्र नव्हतं. विचारायचं म्हणजे आधी बोलावं लागतं, आणि अक्काशी कुणी बोलत नव्हतं.

मिरचीची रोपं लावायचे दिवस आले. समोरच्या बाईचं गावाजवळ पाणभरतं शेत होतं, आणि तिची मिरची दरसाल पिवळी पडायची. एके सकाळी ती रिकामी पाटी काखेत घेऊन आमच्या ओट्याखाली येऊन उभी राहिली. मी आत चहा गाळत होते. तिने घसा खाकरला. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण त्या दिवशी तिला आवाज शोधावा लागला.

"अक्का, दोन पाट्या खत दे ना. मिरचीले टाकसू."

मला वाटलं, अक्का हसून हो म्हणेल. ती तशीच होती, पटकन विरघळणारी. पण अक्का हसली नाही. ती दारात बसलेली, काठी मांडीवर आडवी. तिने विहिरीच्या काठाकडे बोट केलं. हंडा तिथे होता, मला तो अजून भरायचा होता.

"पहिले मना हंडा भर," ती म्हणाली.

समोरची तिथेच उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं, मी गाळण्याकडे पाहिलं. मग तिने पाटी ओट्यावर ठेवली, पदर खोचला, आणि विहिरीवर गेली. रहाटाचा आवाज आला. तिथे पाणी भरणाऱ्या बायका थांबून बघत होत्या. तिने हंडा काठोकाठ भरला, डोक्यावर घेतला, आणला, आणि अक्काच्या हाताशी ठेवला. अक्काने त्यातून वाटीभर पाणी घेतलं, अर्धं स्वतः प्यायली, आणि अर्धं तिच्यापुढे केलं.

तिने ते घेतलं आणि उभ्याउभ्याच प्यायली. मग दोघी मागच्या अंगणात खत भरायला गेल्या, आणि थोड्या वेळाने तिकडून समोरच्या बाईचा नेहमीचा मोठा आवाज ऐकू येऊ लागला. दुसऱ्या दिवशी मी हंडा भरायला विहिरीवर गेले तर तो तिथे नव्हता. कुणीतरी भरून ओट्यावर ठेवला होता.